माजी सैनिकाची युद्धकादंबरी वाचताना आशयसूत्रे कशी शोधावीत

लढून आलेल्या माणसाची कादंबरी हाती घेतली की आपण आधी लढाईची प्रकरणे उलटतो. तिचे मर्म मात्र बहुधा लढाई नसलेल्या पानांत दडलेले असते.

पहिले वाचन पेन्सिल न घेता सलग करावे. दुसऱ्या वाचनात एखादी साधी वस्तू निवडावी आणि ती कोणाकडून कोणाकडे जाते, तेवढेच समासात टिपावे. पहिल्या महायुद्धात लढलेले जर्मन लेखक एरिक मारिया रेमार्क यांच्या १९२९ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये पाय कापलेला सैनिक केमेरिख इस्पितळात शेवटच्या घटका मोजत असताना त्याचा सोबती म्युलरची नजर त्याच्या मऊ कातड्याच्या बुटांवर खिळलेली असते, केमेरिखच्या मृत्यूनंतर ते म्युलरला मिळतात, पुढे म्युलर मारला जातो, बूट निवेदक पॉलकडे येतात आणि पॉल ते आपल्यामागे सोबती ट्याडेनला देण्याचे कबूल करून ठेवतो. म्युलरला निर्दय ठरवून पान उलटू नये. केमेरिखला त्या बुटांचा उपयोग असता, तर म्युलर काटेरी तारांवरून अनवाणी चालला असता, पण त्यांच्यावर डोळा ठेवला नसता, असे पॉलच सांगतो. चांगले बूट दुर्मिळ असलेल्या खंदकात मैत्री आणि गरज एकाच वेळी कशा नांदतात, हे सूत्र या बुटांमागे चालत गेल्यानेच हाती लागते.

त्यानंतर रजेचे प्रकरण सावकाश वाचावे. आजारी आईला पॉल खरे काही सांगू शकत नाही आणि गावातली वडीलधारी मंडळी त्यालाच युद्ध कसे जिंकावे हे समजावतात. पुणे स्टेशनवर ट्रंक घेऊन उतरलेल्या जवानाला ‘मग, बॉर्डरवर काय परिस्थिती?’ असे विचारून उत्तराआधीच स्वतःचे मत ऐकवणारे आपण, त्या मंडळींहून फार निराळे नसतो. इथे पात्र काय बोलते, यापेक्षा कुठे गप्प होते, तिथे खूण करावी.

निवेदकाला लेखक समजण्याची चूक मात्र टाळावी. रेमार्क जुलै १९१७ मध्ये तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी होऊन इस्पितळात दाखल झाले. पॉल मात्र ऑक्टोबर १९१८ पर्यंत लढत राहतो. लेखकाने अनुभवात कुठे भर घातली, हे दिसले की त्याला काय सांगायचे होते, तेही दिसू लागते.

शक्य असल्यास पुण्यातल्या घोरपडीच्या युद्धस्मारकात जाऊन तिथे कोरलेली नावे सावकाश वाचावीत, आणि घरी परतल्यावर बुटांचे प्रकरण पुन्हा एकदा उघडावे.