कामगारांना शेअर द्यायचेत? मग आधी हे बघा

जळगाव एमआयडीसीत चटईचा नाहीतर पाइपचा कारखाना आहे आणि चांगले ऑपरेटर टिकत नाहीयेत, तर इसॉप, म्हणजे कामगाराला ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घेता येतील अशी स्कीम, करून बघा भाऊ, पण फर्म प्रोप्रायटरी किंवा भागीदारीत असेल तर शेअरच नसतात, आधी प्रायव्हेट लिमिटेड करा. मग सीएला बसवून स्कीम लिहा, सभेत ठराव पास करा. ऑप्शन, म्हणजे शेअर घ्यायचा हक्क, दिल्यापासून पक्का व्हायला कमीत कमी 1 वर्ष ठेवावंच लागतं, कायदाच आहे तो.

आता खरी गोम. नुसता कागद दिला म्हणून प्रॉडक्शन वाढत नाही. महिन्याला स्क्रॅप किती निघाला, लाइटबिल किती, नफा किती हे फळ्यावर लिहा, आणि रात्रपाळीवाला म्हणाला की डाय बदलताना माल वाया जातोय तर त्याचं ऐका, फरक तिथूनच पडतो. शेठने हिशोब लपवला की संपलं.

टॅक्सचंही आधीच सांगा, शेअर घेताना मर्चंट बँकरने (शेअरची किंमत ठरवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेने) काढलेली किंमत आणि कामगाराने भरलेले पैसे यातला फरक पगारात धरतात. अनलिस्टेड (शेअर बाजारात नसलेला) शेअर विकायचा कुणाला, बायबॅक कधी, म्हणजे कंपनी तो परत विकत कधी घेणार, तेही स्कीममध्येच लिहा, नाहीतर पोरं म्हणतील यापेक्षा दिवाळीचा बोनस बरा होता.