गिअर 'पी'मध्येच अडकलाय? आधी 'टक्' ऐका

इंजिन सुरू, पाय ब्रेकवर, आणि ऑटोमॅटिक गाडीचा गिअर लिव्हर 'पी' (पार्क)मधून हलायला तयार नाही. माझ्यावर ही वेळ दोनदा आली. पहिल्या खेपेला मी घाईघाईने नवा शिफ्ट इंटरलॉक सॉलेनॉइड (ब्रेक दाबेपर्यंत लिव्हर अडवणाऱ्या कुलपाचं विजेवर चालणारं चुंबक) मागवला, अर्धा दिवस घालवून बसवला, आणि लिव्हर जिथल्या तिथे! बिघाड ब्रेक पेडलजवळच्या स्विचमध्ये होता. मागचे ब्रेक लाइटही पेटत नव्हते, पण उतरून मागे बघतो कोण?

तेव्हा आधी आतली भानगड समजून घ्या. 'पी'मध्ये एक खिटी लिव्हरला अडवून धरते. इग्निशन चालू असताना ब्रेक दाबला की पेडलचा स्विच खबर देतो, सॉलेनॉइडच्या कॉइलला १२ व्होल्टच्या आसपास वीज मिळते, तिचं चुंबक होतं, आतला दांडा ओढला जातो आणि खिटी सुटते. हालचाल काही मिलिमीटरचीच, पण 'टक्' असा आवाज येतो. (काही गाड्यांत उलटी रचना असते, वीज असेपर्यंत कुलूप. आपल्या गाडीचं मॅन्युअल बघून घ्या.) गाडीत एकट्या राहिलेल्या मुलाने लिव्हर ओढू नये, यासाठी ही सोय. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१० पासून बनलेल्या हलक्या ऑटोमॅटिक गाड्यांना ती सक्तीची आहे.

आता तपासणी. इंजिन बंद, इग्निशन चालू, पंखा आणि रेडिओ बंद. कान लिव्हरपाशी नेऊन ब्रेक दाबा. 'टक्' आलं आणि तरी लिव्हर अडला, तर वीज ठीक आहे. खिटी, लिव्हरचं बटण किंवा केबल बघा. उतारावर हँडब्रेक न लावता गाडी 'पी'वर सोडली असेल, तर सगळा भार गिअरबॉक्सच्या आतल्या खिळीवर येतो आणि लिव्हर जड होतो. त्यात सॉलेनॉइडचा काही दोष नाही.

'टक्' आलंच नाही, तर ब्रेक लाइट बघा. सोबत कोणी नसेल आणि गाडीमागे जवळच भिंत असेल, तर तिच्यावरचा लाल उजेड आरशात दिसतो. उजेड नाही? मग फ्यूज आणि पेडलचा स्विच. उजेड आहे? मग व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढा. सॉलेनॉइडच्या कनेक्टरवर ब्रेक दाबल्यावर १२ व्होल्ट येतात आणि तरी आवाज नाही, म्हणजे सॉलेनॉइडच गेला. वीज पोचतच नसेल, तर नवा बसवून काही होणार नाही.

तोवर गाडी हलवायची असेल तर लिव्हरशेजारची छोटी झाकणी शोधा. हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबा, झाकणीखालच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर दाबून लिव्हर 'एन' (न्यूट्रल)वर आणा. इंजिन 'एन'मध्येही सुरू होतं. पण ब्रेक लाइट बंद असतील तर रस्त्यावर जाऊ नका.

सॉलेनॉइड बदलायचं ठरलं तर हँडब्रेक, चाकाला अडकण, आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. एअरबॅगचा कंट्रोलर बऱ्याच गाड्यांत कन्सोलखालीच असतो, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. वरचं पॅनल प्लॅस्टिकच्या पट्टीने उचका. स्क्रूड्रायव्हर घातला की ओरखडा पडलाच. कनेक्टर वायर धरून ओढायचा नाही, कुलूप दाबून सोडवायचा. सॉलेनॉइड बहुतेक दोन स्क्रूवर किंवा क्लिपवर असतो. काही कंपन्या तो सुटा देत नाहीत, अख्खी लिव्हर असेंब्ली घ्यावी लागते. म्हणून पार्ट नंबर आधी जुळवा.

दुसऱ्या खेपेला मी जुना काढला तेव्हा दांड्यावर वाळलेल्या सरबताचा चिकट तपकिरी थर होता. बोटाने ढकलला तरी दांडा परत येईना. माझी कॉइलही जळली होती, पण तुमच्या दांड्यावर नुसता चिकटा असेल तर आधी साफ करून बघा.

नवा बसवताना दांड्याचं टोक खिटीच्या खाचेत नीट बसलंय ना, हे बघा. पॅनल लावण्याआधीच बॅटरी जोडून चाचणी घ्या, चाकाचं अडकण तसंच ठेवून. ब्रेक दाबून लिव्हर सुटला की आपण खूश होतो, पण खरी चाचणी पुढची: पाय काढून, 'पी'मधून लिव्हर जोर न करता ओढून बघा. हलला, तर पुन्हा उघडा.