कन्व्हर्टर बदलण्याआधी तो कामून गेला ते बघा

‘मिस्त्री, गाडी ओढीना. बाहेर म्हणले कन्व्हर्टर गेलाय.’ लातूरला माझ्या गॅरेजात जुन्या पेट्रोल गाड्या हीच तक्रार घेऊन येतात. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला, धूर साफ करणारा डबा. स्कॅनरवर पी ०४२० कोड, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा इशारा, दिसला की लोक थेट नव्याची किंमत विचारतात. जरा दम धरा. मूळ बिघाड इंजिनात असला तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेनं जाणार.

आधी प्लग आणि कॉइल बघा. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळालेलं पेट्रोल पुढं जाऊन कन्व्हर्टरमध्ये पेटतं. आत सिरॅमिकची बारीक भोकांची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. ती जाळीच वितळते आणि धुराला वाट उरत नाही. म्हणून मिसिंगची गाडी ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणत पळवू नका. बॅटरी उतरली की चार पोरं बोलावून धक्का मारायची आपली सवयही इथंच नडते; इंजिन धरेपर्यंत कच्चं पेट्रोल जाळीत जात राहतं.

मग ऑइल. निळा धूर आणि घटणारं ऑइल म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त त्या थरावर बसतं, तो निकामी होतो.

तिसरं, पाणी. आपल्याकडं उन्हाळ्यात बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरात ओततात. रेडिएटर चोक होतो, इंजिन तापतं, इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट जातं आणि कूलंट सिलिंडरमार्गे जाळीवर. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर गॅस्केटच धरा.

कन्व्हर्टर खरंच चोक झालाय का? गाडी थंड असताना त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढा, वायर पाइपापासून लांब बांधा, आणि थोडंसंच चालवून बघा. आवाज भयंकर येईल, पण पिकअप परत आला तर चोक नक्की. खालून रबरी हातोडीनं ठोकल्यावर खुळखुळ वाजलं तर जाळी फुटलीय.

जाळी फोडून रिकामा डबा परत बसवणारेही आहेत. मी ते काम घेत नाही. पीयूसीला गाडी अडकते आणि चेक लाईट तशीच राहते. नवा बसवलात तर जुना मागून घ्या, आतल्या धातूंमुळं भंगारात भाव येतो. आणि कन्व्हर्टर चांगला असो की खराब, गरम गाडी खळ्यावर सोयाबीनच्या भुसकटावर लावू नका, खालून पेट घेतं.