यांग वेन-लीनंतर काय पाहायचं? नीट सुचवायचं कसं

'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हिरोज' ही अवकाशयुद्धाची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका संपवलेला माणूस हमखास एकच प्रश्न घेऊन येतो: तिच्यातल्या यांग वेन-ली या नाखूश सेनापतीसारखं अजून काही आहे का? आणि त्याला हमखास तीच नावं ऐकवली जातात. 'कोड गिअस' बघ, 'किंगडम' बघ, 'डेथ नोट' बघ. का, तर त्यांतही डोकेबाज नायक आहे म्हणून. हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. डोकेबाज नायक ॲनिमेत पैशाला पासरी मिळतात. लढाई जिंकता येते पण मुळात लढायचंच नाही, असा सेनापती मात्र शोधावा लागतो. विचारणाऱ्याला तोच हवा असतो, फक्त त्याला ते नेमकं सांगता येत नाही. ते त्याच्याकडून काढून घेणं आणि मग योग्य नाव देणं, एवढंच हे काम आहे.

१. मूळ मालिका पाहिली आहे का?

नसेल तर दुसरं काही सुचवू नका, तीच द्या. १९८८ ते १९९७ या काळात आलेली, नोबोरू इशिगुरो यांनी दिग्दर्शित केलेली ११० भागांची मालिका. सुरुवात १९९३च्या 'ओव्हरचर टू अ न्यू वॉर' या चित्रपटाने करायला सांगा. पहिल्या दोन भागांतली अस्टार्टची लढाई त्यात जास्त नीट मांडली आहे. मग थेट तिसरा भाग. त्याच कथेची २०१८पासून आलेली नवी मालिका 'डी नॉय थेझे' दिसायला देखणी आहे, पण ती अजून कथेच्या शेवटापर्यंत पोचलेली नाही आणि जुन्या मालिकेतला ऐसपैसपणा तिच्यात नाही. जुनं रेखाटन पाहवतच नसेल त्याला ती द्या, बाकी सगळ्यांना जुनीच.

२. महत्त्वाकांक्षी मंडळी बाजूला काढा

'कोड गिअस'मधल्या ललूशला साम्राज्य उलथवायचंय. 'किंगडम'मधल्या शिनला जगातला सर्वांत मोठा सेनापती व्हायचंय. दोन्ही मालिका चांगल्या आहेत, पण ही माणसं राइनहार्डच्या, म्हणजे यांगच्या महत्त्वाकांक्षी प्रतिस्पर्ध्याच्या गोत्रातली आहेत, यांगच्या नव्हे. ज्याला राइनहार्ड आवडला त्याला ती जरूर द्या. यांगसाठी आलेल्याला देऊ नका.

३. नाखुशी कुठल्या जातीची, ते शोधा

खरी मेख इथे आहे. मला स्वतःला हीच पायरी जमायला सर्वांत जास्त वेळ लागला आणि बहुतेक शिफारशी फसतात त्याही इथेच. यांग लढायला नाखूश आहे हे सगळ्यांनाच दिसतं. पण त्या नाखुशीत तीन-चार वेगळे धागे आहेत आणि प्रत्येक प्रेक्षक त्यातल्या एखाद्याच धाग्यात गुंतलेला असतो. चुकीचा धागा पकडून मालिका सुचवलीत तर दोन भागांत तो कंटाळेल आणि पुन्हा तुम्हाला विचारायला येणार नाही.

'तुला काय आवडलं?' असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: 'यांग लय भारी आहे.' यातून हाताला काहीच लागत नाही. त्याऐवजी विचारा, 'कुठला प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिलास?' आणि मग गप्प बसून ऐका. मधे बोलायचं नाही, आपला आवडता प्रसंग सांगायचा नाही. तुम्ही सांगितलात की तो मान डोलावणार आणि त्याचं खरं उत्तर तिथेच बुडणार.

बरेच जण इझरलोनचं नाव घेतात. अभेद्य समजला जाणारा किल्ला, यांगच्या हाताशी जेमतेम अर्धा ताफा, तोही नवशिके आणि उरलेसुरले जमवून केलेला. तरी तो शेनकॉफ या आपल्या अधिकाऱ्याच्या तुकडीला शत्रूचा गणवेश चढवून आत धाडतो आणि किल्ला आपली माणसं न गमावता ताब्यात येतो. पण नुसतं 'इझरलोन' ऐकून थांबू नका, त्याला पुढे बोलू द्या. गणवेशाच्या युक्तीबद्दल डोळे चमकवून बोलत असेल तर त्याला डाव बघायला आवडतात. त्याच्यासाठी माझं पहिलं नाव 'या बॉय काँगमिंग!' हे आहे. २०२२ची, पी. ए. वर्क्सची, १२ भागांची मालिका. चिनी तीन राज्यांच्या काळातला प्रख्यात रणनीतिकार काँगमिंग, म्हणजे झुगे लियांग, इ. स. २३४मध्ये वूझांगच्या पठारावर मरताना पुढचा जन्म लढाया नसलेल्या जगात मागतो आणि आजच्या टोकियोतल्या शिबुयात जागा होतो. तिथे तो एका होतकरू गायिकेसाठी तेच जुने लष्करी डाव वापरतो. युद्ध नाही, रक्त नाही, पण डाव अस्सल. 'गाण्याची मालिका कशाला?' म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. लिऊ बेई या सरदाराला ज्याच्या झोपडीवर तीनदा जावं लागलं, तेव्हा कुठे जो बाहेर पडला, तो झुगे लियांग म्हणजे अशा सगळ्या पात्रांचा मूळपुरुष आहे.

तोच इझरलोनवाला गडी किल्ला घेतल्यानंतरच्या राजीनाम्याबद्दल बोलायला लागला, तर गोष्ट वेगळी. यांगला वाटलं होतं की किल्ला हाती आला की तह होईल आणि आपण घरी जाऊ. राजीनामा फेटाळला जातो, आणि त्याच विजयाने चेकाळलेलं सरकार तीन कोटी सैनिकांची मोहीम शत्रूच्या मुलखात काढतं. जितकं जिंकावं तितकं अडकावं, हा तो धागा. तो पकडणाऱ्याला 'द जीनियस प्रिन्सेस गाइड टू रेझिंग अ नेशन आउट ऑफ डेट' द्या (२०२२, १२ भाग). युवराज वाइनला कर्जबाजारी राज्य चांगल्या भावात विकून मोकळं व्हायचंय. पण त्याची प्रत्येक चाल गरजेपेक्षा जास्त यशस्वी होते आणि राज्य त्याच्या गळ्यात आणखी घट्ट बसतं. मालिका हलकीफुलकी आहे, चित्रण बेताचं आहे, पण हा एक धागा तिने शेवटपर्यंत सोडलेला नाही.

'द सागा ऑफ तान्या द ईव्हिल' (२०१७, १२ भाग, २०१९मध्ये चित्रपट) याच खणात येते, पण ती जपून द्या. जपानी कंपनीतला एक निर्दय कर्मचारी मरतो आणि पहिल्या महायुद्धासारख्या जगात लहान मुलगी म्हणून जन्मतो. आता त्याला, म्हणजे तान्याला, पिछाडीची सुखाची नेमणूक हवी आहे. वरिष्ठांपुढे ती लष्करी विषयावर छाप पडेल असं बोलते, आणि बक्षीस म्हणून तिला आघाडीवरची बटालियन उभारायला सांगितली जाते. उमेदवारांनी पळून जावं म्हणून ती प्रशिक्षण जीवघेणं करते, तर त्यातून एक कडवी, निष्ठावान तुकडीच तयार होते. रचना बघाल तर यांगच्या राजीनाम्याचीच. पण तान्याला चिंता फक्त स्वतःच्या कातडीची आहे, समोर कोण मरतंय याचं तिला सुतक नाही. यांगच्या माणुसकीवर जीव जडलेल्याला ही मालिका दिलीत तर तो तुमच्यावर चिडेल, आणि त्याचं चिडणं रास्त असेल. दोघांचं वर्णन एका ओळीत सारखंच वाटतं म्हणून ही शिफारस सर्रास केली जाते. तुम्ही करू नका.

दुसरं उत्तर येतं ते चहाचं. म्हणजे घरातले प्रसंग: चहात ब्रँडी जास्त ओतणारा यांग, त्याला अडवणारा जुलियन हा त्याने सांभाळलेला मुलगा, आणि या पोराने सैन्यात जाऊ नये म्हणून यांगची चाललेली धडपड. या प्रेक्षकाला लढाईपेक्षा हुशार माणसाने लहान मुलाला जग समजावून सांगणं आवडलेलं असतं. त्याला डोळे मिटून 'द हिरोइक लेजंड ऑफ अर्सलान' द्या. २०१५ची २५ भागांची मालिका आणि २०१६चा आठ भागांचा दुसरा सीझन. मूळ कादंबऱ्या त्याच योशिकी तानाका यांच्या. यातला नार्सस हा यांगचा सख्खा भाऊ शोभेल. दरबारातला भ्रष्टाचार तोंडावर सांगितल्याने बाहेर पडलेला, डोंगरात घर करून चित्रं काढत बसलेला, आणि चित्रं अगदी वाईट काढणारा. सोबतीला घर सांभाळणारा एलाम नावाचा पोरगा. राज्य गमावलेला राजपुत्र मदत मागायला येतो आणि त्याला सोनं किंवा सरदारकी न देता आपला दरबारी चित्रकार व्हायचं आमंत्रण देतो, तेव्हा कुठे नार्सस उठतो. तो एक प्रसंग पाहिला की ही शिफारस का, हे वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या लोकांसाठी आणखी एक आकर्षण: प्राचीन इराणवर बेतलेल्या पार्सच्या पूर्वेला सिंधुरा नावाचं राज्य आहे, भारतावर बेतलेलं, आणि तिथला राजपुत्र राजेंद्र हा गोडबोल्या, लबाड, तरीही हवाहवासा माणूस आहे.

तिसऱ्या उत्तरात कथेतली मोठी गोष्ट फुटते, तेव्हा मालिका अर्धवट असलेल्यांनी हा परिच्छेद आणि पुढचा गाळावा. काही जण व्हर्मिलियनच्या लढाईचं नाव घेतात. राइनहार्डचं जहाज यांगच्या तोफांच्या टप्प्यात आहे, एक आदेश दिला की युद्ध संपलं. तेवढ्यात राजधानीतून युद्धबंदीचा हुकूम येतो. शेनकॉफ म्हणतो, दुर्लक्ष करा. यांग तोफा थांबवतो, कारण सैन्याने नागरी सरकारचं ऐकायचं असतं, सरकार नालायक असलं तरी. हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहणारा प्रेक्षक सर्वांत अवघड. त्याला डाव नकोत, विनोद नको. त्याला सत्ता आणि सैन्य यांच्यातला पेच हवाय, आणि तो पेच गंभीरपणे हाताळणाऱ्या मालिका फार थोड्या आहेत.

माझं उत्तर 'अल्डेरामिन ऑन द स्काय' (२०१६, मॅडहाउस, १३ भाग). इक्ता सोलोर्क आळशी आहे, ग्रंथपाल होऊन निवांत जगायचं एवढाच त्याचा बेत, आणि नशीब त्याला कातवर्ना साम्राज्याच्या सैन्यात ढकलतं. उत्तरेकडची मोहीम मूर्ख सेनापतीच्या हौसेखातर चाललेली, हकनाक माणसं मरताहेत, आणि इक्ताला जिंकायचंच नाहीये. माघार घेणाऱ्या सैन्यासाठी त्याला फक्त वेळ काढायचाय. मोजक्या माणसांनिशी वेळ कसा काढायचा, हे इतकं तपशीलवार मी दुसऱ्या ॲनिमेत पाहिलेलं नाही. शेवटच्या भागात राजकन्या शामिय त्याच्यापुढे एक मागणी ठेवते, ती इथे सांगत नाही. व्हर्मिलियनवर विचार करणाऱ्याला ती मागणी झोपू देणार नाही.

आणि मग थोडे असे असतात ज्यांना आठवतो तो यांगचा तरुणपणचा भाग: व्यापारी वडील अपघातात गेले, त्यांनी जमवलेल्या पुरातन वस्तू जवळजवळ सगळ्या बनावट निघाल्या, आणि फुकटात इतिहास शिकता यावा म्हणून हा मुलगा लष्करी अकादमीत गेला. पुढे युद्धेतिहासाचा विभागच बंद पडला. असा प्रेक्षक भेटला तर दुसऱ्या मालिकेकडे वळूच नका. मूळ मालिकेला ५२ भागांची उपकथानकं आहेत आणि त्यातलं 'स्पायरल लॅबिरिन्थ' त्याच्यासाठीच आहे. एल फासिल या ग्रहावरच्या नागरिकांना वाचवून नाव कमावल्यानंतर यांगकडे एका जुन्या सेनानीच्या मृत्यूचा छडा लावायचं काम येतं. म्हणजे त्याला जे व्हायचं होतं ते काम थोडे दिवस का होईना त्याच्या वाट्याला येतं. कागदपत्रं चाळणारा, जुन्या माणसांना भेटून प्रश्न विचारणारा यांग इथे मन लावून काम करताना दिसतो.

यांगच्या निवृत्तीच्या आणि पेन्शनच्या गप्पांवर हसणाऱ्याला 'इररिस्पॉन्सिबल कॅप्टन टायलर' (१९९३, २६ भाग). टायलर मुळात सुखाची नोकरी म्हणून सैन्यात शिरतो. तो हुशार की नुसता नशीबवान, याचा पत्ता मालिका लागू देत नाही. डावाचा खुलासा हवा असणाऱ्याला देऊ नका.

४. एकच नाव द्या

दहा नावांची यादी देणं म्हणजे आपलं काम त्याच्यावर ढकलणं. एक नाव द्या आणि ११० भागांनंतर शक्यतो छोटं द्या.

५. दोष आधी सांगा, कथा सांगू नका

हे कुणी करत नाही आणि मग चांगल्या मालिका दुसऱ्याच भागात सोडल्या जातात. 'अल्डेरामिन'मध्ये इक्ता सुरुवातीला वयाने मोठ्या बायकांमागे लाळ घोटत फिरतो. ते वैताग आणतं, पण पुढे मागे पडतं. शिवाय ॲनिमे १३ भागांतच थांबलं आहे. दुसरा सीझन नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा. 'अर्सलान'मधली सैन्याची गर्दी संगणकावर केलेली आहे आणि ती लाकडी दिसते. तिथेही कथा अर्ध्यावर सुटते. कादंबऱ्या मात्र १९८६ला सुरू होऊन २०१७ला १६व्या खंडात पूर्ण झाल्या आहेत. 'तान्या'चं पात्ररेखाटन पहिल्या नजरेत विचित्र वाटतं.

विचारणारा वाचणारा असेल तर यातलं काहीच न देता 'गॅलॅक्टिक हिरोज'च्या मूळ दहा कादंबऱ्या द्या. इंग्रजी अनुवाद पूर्ण झालेला आहे. यांगच्या डोक्यात चाललेलं इतिहासाचं मंथन पडद्यापेक्षा तिथे जास्त मोकळेपणाने येतं.

६. किती थांबायचं, ते सांगा

'तीन भाग बघ, नाही आवडलं तर सोड' हा सरसकट नियम इथे चालत नाही. 'अर्सलान'ची सुरुवात एका मोठ्या पराभवाने होते आणि नार्सस त्यानंतर येतो, तेव्हा तो राजपुत्राबरोबर डोंगरातून खाली उतरेपर्यंत थांबायला सांगा. 'अल्डेरामिन'ला उत्तरेची मोहीम सुरू होईपर्यंत वेळ द्यायला हवा. 'काँगमिंग' आणि 'टायलर' पहिल्या दोन भागांतच कळतात. तिथे नाही जमलं तर आग्रह करू नका, परत तिसऱ्या पायरीवर या आणि दुसरा प्रसंग विचारा.