शुगर आहे? आमच्या घरात झालेल्या या चुका तुम्ही टाळा

आमच्या बेळगाव भागात डायबेटिस असं कोण म्हणत नाही, "त्याला शुगर हाय" एवढंच, शेजारचे कन्नडवाले सक्करे काइले म्हणतात, म्हणजे दोन्हीकडं नावातच साखर, त्यामुळं चहातली साखर सोडली की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. आमच्या आप्पांनी कित्येक वर्षं तेच केलं. साखर बंद, आणि तिच्या जागी गूळ.

तो घरच्या उसाचा, गुऱ्हाळावरनं आणलेला, म्हणून "ह्याला काय होतंय, चालतंय की". नाही चालत हो. गुळात थोडं लोह वगैरे असेल, पण बाकी जवळजवळ सगळी साखरच, रक्तात गेल्यावर ती पांढऱ्या साखरेसारखीच वागते. काकवी, मध, गोकाकचा करदंट सगळं त्याच हिशोबात धरा. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीन भाकऱ्या आणि वर भाताचा डोंगर असेल तर शुगर वाढणारच, त्यापेक्षा अर्धं ताट भाजीनं भरा, उसळ-डाळ वाढवा.

आत नक्की काय होतं ते मला आमच्याकडच्या सीझनवरनं समजलं. चिकोडी-अथणीकडं कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागते बघा, माल भरपूर आहे पण गेट उघडंना. रक्तातली साखर म्हणजे ते ट्रॅक्टर, आपल्या पेशी म्हणजे कारखाना, आणि गेट उघडणारं इन्शुलिन, जे स्वादुपिंडात तयार होतं. टाईप २ मध्ये पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत आणि पुढं पुढं ते कमीपण पडतं, टाईप १ मध्ये ते जवळजवळ तयारच होत नाही म्हणून इंजेक्शन लागतंच. कारखाना आत उपाशी, म्हणून माणूस दमतो. रक्तात साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतनं बाहेर पडायला लागते, म्हणून रात्री चार वेळा उठणं आणि सारखी तहान. आणि रांग वर्षानुवर्षं हटली नाही की रस्ताच उखडतो, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा. हे उखडणं बहुतेक वेळा दुखत नाही, सगळा घात तिथंच होतो.

आप्पा वर्षभर म्हणत होते, चालताना चप्पल पायातनं निसटते ते कळतच नाही. आम्ही म्हटलं चप्पल सैल झाली असेल, नवीन आणूया. माघ पौर्णिमेला ते दरवर्षीसारखे सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर लाल ठिपके, आई म्हणाली "अहो पायाला काय लागलंय बघा की", आणि आप्पा विचारतात "कुठं? मला तर काय दुखंना." अंगठ्याच्या खाली बाभळीचा काटा अर्धा मोडून आत बसलेला. वर हळद दाबली, गरम पाण्यात पाय बुडवला, पाणी किती कढत आहे तेही त्यांना समजलं नाही, कातडी सोलून निघाली. महिन्याभरात अंगठा काढावा लागला.

म्हणून कळकळीनं सांगते, शुगर असेल तर देवाला जा पण अनवाणी जाऊ नका, यल्लम्मा काय रागावणार नाही. रोज रात्री तळवा बघा, वाकता येत नसेल तर फरशीवर आरसा ठेवा, आई आता तेच करते. चप्पल घालायच्या आधी हात घालून आत खडा-खिळा आहे का बघा, पाणी आधी दुसऱ्याला बघायला सांगा, आणि जखम झाली की हळदीवर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तंबाखू-विडी असेल तर तीही सोडा, पायाचा रक्तपुरवठा ती अजून कमी करते.

टेस्टच्या आदल्या दोन दिवशी पथ्य पाळून उपाशीपोटीचा रिपोर्ट चांगला आणणं, हे तर घरोघरी चालतं. एचबीएवनसी ही रक्ताची टेस्ट करा, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी निघते, तिथं फसवाफसवी चालत नाही. ६.५ टक्के किंवा त्याच्या वर म्हणजे डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मनानं गोळी बंद करू नका, तो गोळीमुळंच नॉर्मल आलेला असतो.

याच्या उलट चूक, म्हणजे शुगर फार खाली जाण्याची, संकष्टीला होते. गोळी किंवा इन्शुलिन घेतलं आणि पोटात काही नाही, मग हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस भलतंच बोलायला लागतो आणि घरचे म्हणतात बीपी असेल, झोपा. आधी शुगर बघा, ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, मशीन नसेल तर वाट न बघता द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. कुंदा किंवा पेढा देऊ नका, दुधातुपामुळं त्यातली साखर सावकाश चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. उपास करायचाच असेल तर गोळीचं आधी डॉक्टरांना विचारा.

इन्शुलिन फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठलं की वाया गेलं. एकाच जागी रोज टोचू नका, तिथं गाठ होते आणि औषध नीट लागू पडत नाही.

वर्षातनं एकदा लघवीतलं प्रोटीन आणि डोळ्याचा पडदा तपासा, नंबर काढणं वेगळं आणि पडदा बघणं वेगळं. डोळ्यात थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, त्यामुळं त्या दिवशी गाडी घेऊन एकटे जाऊ नका, घरातल्या कुणाला तरी बरोबर घ्या.