व्यंगचित्रांचा पहिला स्टॉल लावताय? आधी चित्र भिंतीवर चिकटवून बघा

गेली काही वर्षं मी पुण्यात छोट्या शोमध्ये चित्रं लावतोय, म्हणजे कॅफेची एखादी भिंत, रविवारचं फ्ली मार्केट, सोसायटीच्या हॉलमधलं दोन दिवसांचं प्रदर्शन, असं काय काय. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन मुलगा किंवा मुलगी विचारतेच की दादा सुरुवात कशी करू, मग मी प्रत्येकाला फोनवर तासभर तेच सांगतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की व्यंगचित्र म्हणजे खऱ्या चित्रकलेपेक्षा काहीतरी खालचं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या बाजूला कॉमिक्सवाले, रंगवलेल्या गाड्यावाले, पोस्टरवाले अशा लोकांनी स्वतःच्या चित्रांना सरळ लोब्राऊ, म्हणजे हलक्या अभिरुचीचं, म्हणून घेतलं आणि त्याच नावावर उभे राहिले. रॉबर्ट विल्यम्स हा त्यातला मोठा माणूस, अंडरग्राउंड कॉमिक्समधून, म्हणजे मोठ्या प्रकाशकांच्या बाहेर छापल्या जाणाऱ्या कॉमिक्समधून आलेला, त्याने इतर काहींसोबत १९९४ साली जक्स्टापोझ नावाचं कलेचं नियतकालिक काढलं आणि मोठ्या गॅलऱ्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या त्यांना पानं मिळाली. आपल्याकडे तर हे घराघरात होतं. आवाज दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवा, कापलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसतंय असं वाटायचं आणि पान उलटलं की भलतंच साधं निघायचं. माझ्या मते तीच आपली लोब्राऊ कला आणि तिचा मला मनापासून अभिमान आहे.

आता मुद्द्याचं. सगळ्यात मोठी चूक बहुतेक जण करतात ती ही की अंकासाठी काढलेलं चित्र तसंच्या तसं मोठं करून भिंतीला लावतात. अंकातलं चित्र माणूस हातात धरून, फूटभर अंतरावरून, निवांत वाचतो. भिंतीवरचं तो चालता चालता बघतो, पाच-सहा फुटांवरून, आजूबाजूला गाणी चालू, हातात कॉफी, आणि दोन-तीन सेकंदांत त्याचं ठरतं की थांबायचं का पुढे सरकायचं. त्यामुळे विनोद पोचायला वेळ लागत असेल तर तो पोचतच नाही.

म्हणून शोच्या आधी घरी एक काम करा. चित्राची साधी एथ्री (A3) आकाराची झेरॉक्स काढून हॉलच्या भिंतीला चिकटवा, सहा फूट मागे या, आणि ज्यांनी ते चित्र आधी पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी हाक मारा, आई, शेजारच्या काकू, कुणीही. काही बोलू नका, फक्त त्यांचा चेहरा बघा. त्या पुढे जाऊन डोळे बारीक करून वाचायला लागल्या तर अक्षर लहान आहे. हसायच्या आधी दोनदा नजर इकडून तिकडे गेली तर चित्रात नको त्या गोष्टी जास्त आहेत, मागचं कपाट, कॅलेंडर, खिडकीतलं झाड, सगळं काढून टाका. मी अक्षराची उंची एथ्रीवर आठ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही, देवनागरीत वर-खाली मात्रा-उकार असतात त्यामुळे लहान केलं की जोडाक्षरांचा गोळा होतो.

आणि जमलं तर शब्दच काढून टाका. शि. द. फडणीसांची चित्रं बघा, मोहिनी मासिकाच्या मुखपृष्ठांवरची, बहुतेकांत एक शब्द नाही, म्हणून ती हसरी गॅलरी म्हणून दालनात लागली तरी तेवढीच पोचतात, मराठी न येणाऱ्यालासुद्धा. मुंबईत काळा घोडा फेस्टिवलसारख्या ठिकाणी किंवा गोव्यात एखाद्या बाजारात टेबल लावणार असाल तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे समोरच्या माणसाची भाषा कुठली हे तुम्हाला माहीतच नसतं.

रेषेचं पण सांगतो. छापण्यासाठी काढताना आपण मोठं काढतो आणि छापताना ते लहान होतं, त्यात हाताची बारीक थरथर झाकली जाते आणि रेष घट्ट दिसते. मोठी प्रिंट काढताना बरोबर उलटं होतं, प्रत्येक अडखळ दिसते. त्यामुळे भिंतीसाठीचं चित्र ज्या आकारात लावायचं त्याच आकारात काढा, जाड ब्रश किंवा टाक घेऊन, कॅम्लिनची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चांगली चालते. स्केच पेन आणि अल्कोहोल मार्कर ओरिजिनलसाठी टाळाच, उन्हात किंवा हॉलच्या दिव्याखाली त्यांचा रंग उडतो आणि पैसे देऊन नेलेलं चित्र वर्षभरात फिकं पडलं तर तो माणूस परत तुमच्याकडे कशाला येईल. स्कॅन ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) करा. एथ्री प्रिंट ३०० डीपीआयला काढायची तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, मोबाइलच्या फोटोवर भागवू नका, कडेच्या रेषा वाकड्या येतात आणि कागद राखाडी दिसतो.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवा, सगळी चित्रं त्याच रेषेत. नेण्या-आणण्यात काच फुटते म्हणून मी फ्रेमला ॲक्रिलिक शीट लावून घेतो, आणि कॅफेवाला भिंतीला खिळे मारू देणार का हे आधीच विचारून ठेवतो.

टेबलवर काय ठेवायचं? स्टिकर, पोस्टकार्ड, एफोर प्रिंट, एक-दोन ओरिजिनल, एवढं पहिल्यांदा पुरे. पण एक गोष्ट अशी ठेवाच जी माणूस हातात घेऊन उघडेल. मी खिडकीवाली कार्डं बनवतो, ३०० जीएसएमचा जाड कागद, मधे कटरने कापलेली खिडकी, वर एक चित्र आणि आत दुसरं. माणूस कार्ड उचलतो, उघडतो, हसतो आणि शेजारच्याला दाखवतो, मग तो शेजारचा पण थांबतो. भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमजवळ जायला लोक बिचकतात, कार्ड मात्र लहान मुलगासुद्धा उचलतो, आणि त्याच्या मागून त्याचे आईबाबा येतात.

पैशांचं स्पष्ट बोलूया. माझे दर सांगतो, तुम्ही तुमचे ठरवा: स्टिकर ४० रुपये, खिडकी कार्ड १०० रुपये, एफोर प्रिंट ४०० रुपये, आणि ओरिजिनल पाच हजारांच्या खाली कधीच नाही. ओरिजिनल दिवसभर विकलं गेलं नाही की संध्याकाळी हात शिवशिवतो की दीड हजारात देऊन टाकू, तसं करू नका, कारण मागच्या वेळी ज्याने पाच हजार दिले त्याच्यावर तो अन्याय आहे. कमी पैशात न्यायचं असेल त्याच्यासाठी प्रिंट आहेतच की. मर्यादित प्रिंट काढत असाल तर खाली डावीकडे पेन्सिलने ३/२५ (पंचवीसातली तिसरी प्रत) असा नंबर आणि उजवीकडे सही करा, आणि पंचवीस म्हणजे पंचवीसच, सव्विसावी काढायची नाही.

गॅलरी किंवा कॅफे विक्रीतला हिस्सा घेतात, तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, तो आधी विचारा आणि किंमत तो धरूनच लावा. एका ठिकाणी माझी तीन चित्रं विकली गेली आणि पैसे यायला पाच महिने लागले, मी फक्त तोंडी बोललो होतो. तेव्हापासून मी एका कागदावर चित्राचं नाव, आकार, किंमत, हिस्सा आणि पैसे कधी देणार ती तारीख लिहितो आणि दोघांच्या सह्या घेतो. चांगली माणसं आनंदाने सही करतात.

लाइव्ह अर्कचित्रं काढणार असाल तर टेबलचं भाडं त्यातूनच निघतं. एका माणसाला सहा मिनिटं, त्याहून जास्त नको, रांग मोडते. तुम्ही असे बसा की बघणारे तुमच्या पाठीमागे उभे राहतील, कारण चित्र उमटताना बघणं हीच तुमची जाहिरात. माणसाचं वजन, दात, रंग, टक्कल यावर विनोद करू नका, तो बिचारा बायकामुलांसमोर बसलेला असतो. त्याऐवजी तो हसताना काय करतो, चष्मा कसा घालतो, मान कशी तिरकी करतो ते पकडा, चेहरा त्यात जास्त सापडतो. लहान मूल असेल तर आधी डोळे आणि केस घ्या, बाकी ते हललं तरी चालतं.

यात एक कायद्याची गोष्ट आहे जी आमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसते. आपण स्वतःहून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट आपलाच असतो, पण कुणी पैसे देऊन स्वतःचं पोर्ट्रेट काढून घेतलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट त्या गिऱ्हाइकाचा होतो. म्हणजे तेच अर्कचित्र उद्या तुम्ही पोस्टरवर छापायचं म्हटलं तर अडचण. मी पावतीवर एक ओळ छापून घेतली आहे की चित्राचे हक्क चित्रकाराकडे राहतील, आणि गिऱ्हाइकाला ती वाचून दाखवून सही घेतो. पोर्टफोलिओत लावायचं असेल तर वेगळं विचारतो, विशेषतः मुलांच्या बाबतीत.

कधी सुरू करायचं असं विचाराल तर ५ मे बघा, जागतिक व्यंगचित्रकार दिन, १८९५ साली त्या दिवशी न्यूयॉर्कच्या पेपरात यलो किड हे व्यंगचित्रातलं पात्र छापून आलं होतं. त्या आठवड्यात लायब्ररी, शाळा, कॅफे यांना भिंत मागितली तर द्यायला कारण मिळतं.

स्टॉलवर बसल्यावर मोबाइल खाली ठेवा. शेजारी एक वही ठेवा आणि कुठल्या चित्रापाशी लोक थांबले, कुठलं हसून सोडून दिलं आणि कुठल्याचा फोटो काढला याच्या रेघा ओढत जा. विक्रीचा आकडा एकाच दिवसाचा असतो, या रेघांवरून मात्र पुढच्या शोला काय काढायचं ते कळतं. क्यूआर कोड मोठा छापून ठेवा, शंभर-पन्नासच्या सुट्ट्या नोटा ठेवा, हॉलमध्ये नेटवर्क जातं. आणि घरी आल्यावर कितीही दमला असाल तरी उरलेल्या प्रिंट पाकिटातून काढून रात्रभर पंख्याखाली सपाट पसरून ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये तर नक्कीच, नाहीतर पुढच्या शोपर्यंत त्यांच्या कडा वळतात आणि कोपऱ्यात बुरशीचे ठिपके येतात.