कानातला बिल्ला आणि मोबाईलमधली वही: गोठ्याचा हिशोब कसा ठेवायचा

आमच्याकडे गाईंचा सगळा इतिहास भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचा. आई तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायची, "चंद्री भरवली", "सोनी आटवली", "लाल कालवड जंताचं औषध", आणि डिसेंबर संपला की ते कॅलेंडर फडताळात अंथरायला जायचं. मग फेब्रुवारीत डॉक्टर विचारणार गाय कधी भरवली होती, आणि आम्ही पिठाचे डबे उचलून खाली सप्टेंबर शोधतोय. आता १४ जनावरं आहेत, प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला आहे, आणि तरीही आजूबाजूच्या निम्म्या गोठ्यांत हिशोब अजून फडताळातच आहे, म्हणून मी कसं करतो ते लिहितोय.

आधी बिल्ल्याचा गैरसमज काढू. बऱ्याच जणांना वाटतं त्यात चिप असते, गाय चोरीला गेली की मोबाईलवर लोकेशन दिसेल. तसं काही नाही बाबा. सरकारी पिवळा टॅग म्हणजे प्लास्टिक, त्यावर १२ आकडी नंबर आणि बारकोड, बस. खरी गोष्ट त्या नंबरमागे आहे. आधी ही नोंद एनडीडीबीच्या (राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाच्या) इनाफ सिस्टीममध्ये व्हायची, आता भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन सिस्टीमवर होते. मालक कोण, जात कुठली, वय किती, किती वेत झाली, लस कधी दिली, रेतन कधी केलं हे तिथं चढवायचं असतं. चढवलं नसेल तर तो बिल्ला म्हणजे गाईच्या कानातला दागिना.

महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, सरकारी दवाखान्यातल्या उपचारालाही टॅग लागतो, आणि वीज अंगावर पडून, पुरात किंवा बिबट्याच्या हल्ल्यात जनावर गेलं तर टॅगशिवाय भरपाई नाही. आमच्या संगमनेरच्या बाजूला बिबट्या म्हणजे लांबची गोष्ट राहिलेली नाही त्यामुळे हे कलम सगळ्यांना पाठ आहे. विम्याचं तर जुनंच, नो टॅग नो क्लेम.

टॅग मारायला सरकारी दवाखान्यात सांगून ठेवा, लाळ्या खुरकूतच्या लसीची फेरी सहा महिन्यांनी येते तेव्हा सोबतच होऊन जातं. कालवडींना ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची) लस चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच द्यायची असते, तेव्हा कानात बिल्ला आहे ना ते बघाच. मारताना जनावर खोड्यात किंवा दाव्याला आखूड बांधा, एकाने नाकात बोटं घालून डोकं धरायचं, कान स्पिरिटने पुसायचा, आणि टॅग कानाच्या मधोमध, कूर्चेच्या दोन कडक उंचवट्यांच्या मधल्या मऊ जागेत बसला पाहिजे. अगदी कडेला मारला तर गव्हाणीच्या गजात अडकून कान फाटतो, रक्तवाहिनीवर बसला तर रक्त थांबत नाही. पक्कड एकदाच आणि जोरात दाबायची, भीत भीत अर्धी दाबली की गाय झटका देते आणि सगळंच बोंबलतं. पावसाळ्यात शक्यतो टाळा, माशा बसतात आणि जखमेत आसडी (अळ्या) पडतात. मारावाच लागला तर आठवडाभर रोज कान उलटून बघायचा, हळद-तेल किंवा आयोडीनचं औषध लावायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. टॅग मारून माणूस गेला की काम झालं असं समजू नका. नोंदणी करताना मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो, तर नंबर तुमचाच दिलाय ना बघा, शेजारचा पोरगा जवळ होता म्हणून त्याचा दिला असं चालत नाही. टॅगवरचा नंबर वाचून दाखवताना चार-चारचे तीन तुकडे करून वाचा, सलग १२ आकडे कोणालाच नीट वाचता येत नाहीत. शेणाने माखलेल्या बिल्ल्यावर ३ आणि ८, ५ आणि ६ सारखेच दिसतात, आधी पाण्याने धुवा आणि उजेडात फोटो काढा. मी दोन फोटो काढतो, एक नुसत्या बिल्ल्याचा जवळून, एक पूर्ण गाईचा ज्यात शिंगं, कपाळावरचा ठिपका आणि बिल्ला तिन्ही दिसतील.

हे एवढं का सांगतोय तर आमचं नुकसान झालंय. जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान चालू झालं तेव्हा अट होती की गाईचा टॅग, शेतकऱ्याचं आधार आणि बँक खातं जुळलं पाहिजे. आम्ही डेअरीत कागदावर नंबर लिहून दिले, पुढे टाइप करताना एका गाईचे मधले दोन आकडे उलटसुलट झाले, आणि दुसरी एक गाय विकत घेतलेली होती ती सिस्टीममध्ये जुन्या मालकाच्याच नावावर. त्या गाई रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या डोळ्यासमोर दूध देतायत आणि कागदावर आमच्या नाहीतच! किती हेलपाटे झाले ते मोजायचं सोडून दिलं. तेव्हापासून मी कुठेच नंबर हाताने लिहून देत नाही, फोटोच पाठवतो आणि समोरच्याने टाइप केलेला नंबर परत वाचून घेतो. शेतकऱ्यांसाठी १९६२ नावाचं ॲप आहे त्यावर आपल्या जनावरांची नोंद बघता येते, महिन्यातून एकदा तरी उघडून बघत जा. १९६२ हा फिरत्या पशुदवाखान्याचा टोल फ्री नंबरपण आहे, तोही सेव्ह करून ठेवा.

बिल्ला पडला तर? पडतोच कधीतरी. तेव्हा नवा टॅग मारून घ्या, पण डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जुन्या नंबरच्या जागी हा नवीन चढवा. नवीन जनावर म्हणून नोंद झाली तर एकाच गाईच्या दोन गाई होतात, जुन्या नंबरवर सगळ्या लसी आणि वेतं, नव्यावर कोरी पाटी. विमा असेल तर विमावाल्यालापण त्याच दिवशी कळवा.

आता आपली स्वतःची वही. सरकारी सिस्टीममध्ये सगळं आहे म्हणून घरची नोंद सोडायची नाही, कारण सोनीने काल संध्याकाळी दीड लिटर कमी दिलं हे दिल्लीला कोणी कळवत नाही. मी मोबाईलवर साधी एक्सेल शीट ठेवलीय. पहिल्या रकान्यात टॅगचे शेवटचे चार आकडे, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात पूर्ण नंबर. इथे एक गंमत होते, १२ आकडी नंबर टाकला की एक्सेल त्याचं १.०५ ई अधिक ११ असलं काहीतरी करून टाकतं आणि माणूस म्हणतो नंबर गेला. गेला नाही, आधी तो रकाना टेक्स्ट करून घ्यायचा नाहीतर नंबरच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह (') टाकायचं.

पुढे माजावर आल्याची तारीख, रेतनाची तारीख, आणि वळूचा नंबर. वळूचा नंबर वीर्याच्या कांडीवरच छापलेला असतो, रेतन झालं की ती रिकामी कांडी फेकून देतात, मी मागून घेतो आणि फोटो काढतो. दोन वर्षांनी त्याच रेतनाची कालवड माजावर येईल तेव्हा तिच्या बापाचीच कांडी तिला भरली जाऊ नये एवढ्यासाठी तरी हे करा. बऱ्याच जणांकडे हेच होतं आणि मग म्हणतात दूध का वाढेना.

रेतनाची तारीख टाकली की तीन तारखा आपोआप काढायच्या. २१ दिवसांनी गाय परत माजावर आली का बघायचं, म्हणजे उलटली का ते. अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासणी. आणि २८० दिवसांनी वेत. शीटमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन तारखेच्या सेलमध्ये अधिक २८० केलं की तारीख येते, तोंडी करायचं असेल तर नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १५ ऑगस्टला भरवली तर २२ मेच्या आसपास विणार, म्हणजे त्याच्या दोन महिने आधी, २३ मार्चला, आटवायला (दूध काढणं बंद करायला) घ्यायची. म्हशीला ३१० दिवस धरा. या तारखा मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये अलार्म लावून टाकायच्या, शीट उघडायचं विसरतं माणूस, अलार्म विसरू देत नाही.

औषधाची नोंद मात्र वेगळ्या पानावर. कासदाह झाला, कुठल्या सडाला, कुठलं इंजेक्शन, किती दिवस, आणि दूध कधीपर्यंत डेअरीत घालायचं नाही. आजारी सड लिहून ठेवला तर कळतं की चंद्रीचा मागचा डावा सड तिसऱ्यांदा गेलाय, नुसतं "कासदाह" लिहिलं तर काहीच कळत नाही.

दुधाची रोज नोंद १४ जनावरांची होत नाही, खरं सांगतो. मी महिन्यातून दोन दिवस ठरवलेत, त्या दिवशी प्रत्येकीचं दोन्ही वेळचं मोजतो. तेवढ्यावरसुद्धा कोण खाऊन बसलीय ते दिसतं. आई अजून कॅलेंडरवरच लिहिते, मी महिनाअखेर त्या पानाचा फोटो काढून शीटमध्ये चढवतो, भांडण नको.

खऱ्या इलेक्ट्रॉनिक टॅगबद्दल सारखं विचारतात. आरएफआयडी बिल्ल्यात चिप असते, बॅटरी नसते, रीडर जवळ नेला की १५ आकडी नंबर उमटतो, १३४.२ किलोहर्ट्झवर चालतं, आणि भारताचा कोड असेल तर सुरुवात ३५६ ने. हातातला रीडर हातभर अंतराच्या आतच वाचतो, बांधावरून वाचणार नाही. मिल्किंग पार्लर (मशीनने दूध काढायची वेगळी जागा) असेल, ५०-६० गाई असतील, गाय आत आली की तिचं दूध आपोआप तिच्या नावावर पडावं असं असेल तर पैसे वसूल होतात. माज ओळखणारे गळ्यातले पट्टेपण चांगले आहेत, रात्री दोनला माजावर आलेली गाय तुम्हाला कळणार नाही, पट्ट्याला कळते. पण १०-१५ गाईंच्या गोठ्यात आधी शीट वर्षभर नीट भरून दाखवा मग पट्ट्याचं बघू.

आणि गाय विकताना किंवा घेताना, व्यवहार झाला की लगेच दोघांनी मिळून डॉक्टरांकडून मालकी बदलून घ्या, गाडीत चढवायच्या आधी. विसार दिला, गुलाल टाकला, चहा झाला, गाडी गेली की समोरचा फोन उचलत नाही, आणि ओटीपी त्याच्याच मोबाईलवर पडतो. विकलेल्या गाईची ओळ शीटमधून पुसायची नाही, "विकलेली" नावाच्या वेगळ्या पानावर हलवायची, कारण तिची कालवड आपल्याच गोठ्यात असते.